नळी किती दिवस वापरायची? आरोग्य विज्ञान विद्यापीठाला आणि राज्यातल्या युरॉलॉजिस्टांना खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक,
तसेच राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांमधले युरॉलॉजी विभागप्रमुख आणि पदव्युत्तर मार्गदर्शक यांस,

स.न.वि.वि.

दरवर्षी तुमच्याकडे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे विषय मंजुरीला येतात. त्यातले काही विषय यापुढे मूत्राशयाच्या पेशंटांच्या रोजच्या अडचणींवर असावेत. आणि प्रत्येक कॉलेजने सुटा सुटा लहान अभ्यास करण्यापेक्षा दहा-पंधरा कॉलेजांनी मिळून एकच प्रश्न धसास लावावा. ही मागणी करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी परिचारिका आहे. नोकरीची बहुतेक वर्षं युरॉलॉजीच्या वॉर्डात आणि ओपीडीत गेली. आता मणक्याला मार लागलेल्या पेशंटांना लघवीची नळी स्वतःची स्वतः घालायला शिकवते. कोकणातून येतात ते माडावरून, पोफळीवरून, आंब्यावरून पडलेले. देशावरचे विहिरीत किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडलेले. मोटारसायकलवरून पडलेले सगळीकडून येतात. बहुतेक तरुण, कमावते. पाय गेले हे घरादाराला दिसतं. मूत्राशयही गेलं आहे हे समजायला वेळ लागतो, आणि जीव जातो तो बरेचदा त्याच्यामुळे.

तुम्हाला हे सांगायला नको, पण पत्र खुलं आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी लिहिते. मणक्यातून मूत्राशयाकडे जाणारा निरोप तुटला की लघवी भरल्याचं कळत नाही. कित्येकांचं मूत्राशय आपोआप आवळतं, पण खालचं दार त्याच वेळी बंद राहतं. आतला दाब वाढत जातो आणि लघवी उलटी किडनीकडे चढते. जन्मतः मणक्याचा दोष असलेल्या मुलांवर मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली केलेला अभ्यास तुम्ही सगळ्यांनी शिकलेला आहे. ज्यांची लघवी ४० सेंटिमीटर पाण्याच्या वरच्या दाबाला गळत होती, त्यांच्या किडन्या खराब होत होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतरची काही वर्षं मणक्याच्या पेशंटांचे सर्वांत जास्त मृत्यू किडनी निकामी होण्यानेच होत असत.

हे चित्र पालटलं ते एका साध्या नळीने. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात लुडविग गुटमन आणि फ्रँकेल यांनी ठरावीक वेळाने निर्जंतुक नळी घालून मूत्राशय रिकामं करण्याची पद्धत बसवली आणि १९६६ साली तिचे निकाल छापले. त्यासाठी हातमोजे हवेत, निर्जंतुक सामान हवं, प्रशिक्षित माणूस हवा. घरी हे कोण करणार? १९७२ साली मिशिगन विद्यापीठातले जॅक लॅपिडीस म्हणाले, निर्जंतुक नको, स्वच्छ पुरे. त्यांचं म्हणणं असं, की मूत्राशय जास्त ताणलं गेलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि जंतूंचं फावतं. म्हणून वेळच्या वेळी रिकामं करणं हे जंतू टाळण्यापेक्षा महत्त्वाचं. त्या काळात अनेक युरॉलॉजिस्टांना हे धक्कादायक वाटलं होतं. आज जगभर हीच पद्धत आहे, आणि मी शिकवते तीही हीच.

शिकून झालं की पेशंट हमखास विचारतो, "सिस्टर, एक नळी किती दिवस वापरू?"

दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालायची. पाच वेळा धरली, तरी महिन्याच्या दीडशे नळ्या. पाकिटावर लिहिलेलं असतं, एकदाच वापरा. साधी पीव्हीसीची नेलाटन नळी घेतली, तरी दीडशे नळ्या दर महिन्याला घेणं कुणाला परवडतं? पाण्यात भिजवली की बुळबुळीत होणाऱ्या हायड्रोफिलिक नळीचं तर नावच काढायला नको. लहान मुलांसाठी कित्येक आया इन्फंट फीडिंग ट्यूब, म्हणजे तान्ह्या बाळाला दूध द्यायची बारीक नळी, वापरतात आणि तीच धुऊन पुन्हा घालतात. माझ्या ओळखीचा जवळजवळ प्रत्येक पेशंट नळी धुऊन वापरतो. कुणी साबणाने धुतो, कुणी उकळतो, कुणी डेटॉलमध्ये बुडवतो, कुणी पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात. कुणी चार दिवसांनी बदलतो, कुणी नळी कडक होईपर्यंत चालवतो. एकाला एका डॉक्टरांनी आठवडा सांगितलेला असतो, दुसऱ्याला दुसऱ्यांनी महिना. दोघंही शेजारच्या खाटांवर असतात आणि मला विचारतात, खरं काय?

खरं काय हे आज कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. कॉक्रेन या संस्थेने या विषयावरच्या चाचण्या एकत्र करून २०१४ साली म्हटलं होतं की एकदाच वापरा किंवा धुऊन वापरा, लघवीच्या जंतुसंसर्गात फरक पडतो असा पुरावा नाही. नंतर इतर संशोधकांनी मूळ आकडे तपासले तेव्हा त्यात चुका निघाल्या, आणि २०१७ साली तो आढावाच मागे घेतला गेला. २०२१ साली तो नव्याने आला, त्याचा निष्कर्ष इतकाच की पुरावा अपुरा आहे. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना २००८ पर्यंत महिन्याला ४ नळ्यांचे पैसे देई, म्हणजे पेशंट धुऊनच वापरत असणार. मग नियम बदलला आणि आकडा २०० वर गेला. इतकी मोठी उडी मारावी असा भक्कम पुरावा तेव्हाही नव्हता.

प्रश्न सुटण्यासारखा आहे. साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी २०२० साली प्रयोगशाळेत दाखवलं, की नळी साबणाने धुऊन, बाळाच्या दुधाच्या बाटल्या निर्जंतुक करायचं सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण वापरलं, तर नळीवरचे जंतू प्रभावीपणे जातात. आपल्याकडे पावसाळ्यात गावोगाव पाण्यात टाकायला मेडिक्लोर वाटतात, त्यातही क्लोरीनच. ते नळीसाठी चालेल का, किती थेंब, किती वेळ, नळी त्याने खराब होते का, मूत्रमार्गाला त्रास होतो का, हे कुणीतरी मोजून सांगायला हवं. मी आज कुणालाही हे करायला सांगत नाही, सांगणारही नाही. पण हा एका चांगल्या प्रबंधाचा विषय नाही का? मायक्रोबायोलॉजीचा विद्यार्थी प्रयोगशाळेतला भाग करील, युरॉलॉजीचा पेशंटांवरचा, नर्सिंगची विद्यार्थिनी घरी जाऊन बघेल की सांगितलेलं खरोखर कसं केलं जातं.

परदेशातलं उत्तर उचलून आपल्याकडे लावता येत नाही, याचं एक उदाहरण देते. ब्रिटनमध्ये अँटिक नावाची चाचणी झाली. निकाल २०१८ साली आला. स्वतः नळी घालणाऱ्या ४०४ जणांपैकी निम्म्यांना वर्षभर कमी मात्रेत अँटिबायोटिक दिलं. जंतुसंसर्ग ४८ टक्क्यांनी घटला. पण त्याच पेशंटांच्या लघवीत औषधांना दाद न देणारे जंतूही वाढले. ब्रिटनमध्ये या दोन गोष्टींचा हिशेब एका प्रकारे बसेल. आपल्याकडे मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळतं, लघवीतले जंतू कोणत्या औषधाला दाद देतात हे सांगणारा कल्चरचा रिपोर्ट आला की निम्म्या औषधांपुढे "रेझिस्टंट" छापलेलं असतं. तिथला फायदा इथे किती उरेल? शिवाय नळी घालणाऱ्याच्या लघवीत जंतू जवळजवळ नेहमीच सापडतात. ताप नाही, त्रास नाही, तरी रिपोर्ट पाहून औषध लिहिलेलं मी किती वेळा पाहिलं असेल! प्रबंधात "संसर्ग" कशाला म्हणायचं हे आधी पक्कं ठरवलं नाही, तर सगळा अभ्यास वाया जातो.

अँटिकमधली आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेला आणायची आहे. ते ४०४ पेशंट ५१ ठिकाणांहून गोळा केले होते. म्हणजे एका ठिकाणाहून सरासरी आठ. आठ पेशंट आपल्या राज्यातलं कुठलं मेडिकल कॉलेज देऊ शकणार नाही? आज एक विद्यार्थी एकटा तीस-चाळीस पेशंट जमवतो, दीड-दोन वर्षं राबतो, आणि शेवटी लिहितो की फरक आढळला नाही, मोठ्या अभ्यासाची गरज आहे. प्रबंध लायब्ररीत जातो. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात तोच विषय. मुलांची मेहनत खरी असते, पेशंटांनी दिलेला वेळही खरा असतो. दोन्ही वाया जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता औषधांबद्दल. मी औषधांच्या विरोधात नाही. सारखी लघवी लागून रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला गोळीने झोप मिळालेली मी पाहिली आहे. मणक्याच्या पेशंटाच्या मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन दिल्यावर वर्षानुवर्षांचं ओलं अंथरूण सुकलेलंही पाहिलं आहे. पण औषधाची चाचणी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते ते बघा. मिराबेग्रॉन या सारखी लघवी लागण्यावरच्या गोळीची युरोप-ऑस्ट्रेलियातली मोठी चाचणी १२ आठवड्यांची होती. ५० मिलिग्रॅमच्या गोळीने दिवसातल्या लघवीच्या खेपा सरासरी १.९३ ने कमी झाल्या, खोट्या गोळीने १.३४ ने. फरक दिवसाला अर्ध्या खेपेहून थोडा जास्त. औषधाला मान्यता मिळायला हे पुरेसं आहे, आणि ते योग्यही आहे. मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांना औषधच मिळालं नाही, त्यांच्याही खेपा घटल्या. चाचणीत पेशंट लघवीची नोंद ठेवतो, कुणीतरी त्याची विचारपूस करतं, किती प्यावं आणि कधी जावं याकडे त्याचं स्वतःचं लक्ष जातं. माझ्या मते त्या १.३४ मध्ये याचा वाटा मोठा असणार. मग फक्त नोंदवही, चहा-पाण्याची वेळ आणि हळूहळू धरून ठेवायचा सराव, एवढ्यावर आपल्या ओपीडीतल्या पेशंटाला किती आराम पडतो, हे मोजायला काय हरकत आहे? या कामात कुठल्या कंपनीला रस असणार नाही. म्हणूनच ते सरकारी कॉलेजांनी करावं.

बारा आठवड्यांनंतरचं काय, हाही प्रश्न कंपनी विचारत नाही. लघवीच्या जुन्या गोळ्या, ऑक्सिब्युटिनिनसारख्या, तोंड कोरडं पाडतात, शौचाला खडा करतात हे सगळ्यांना माहीत आहे. सिएटलमध्ये ६५ वर्षांवरच्या ३,४३४ जणांचा सरासरी सात वर्षांहून जास्त पाठपुरावा केला, तेव्हा या जातीची औषधं दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश जास्त आढळला. तो अभ्यास २०१५ साली छापून आला. औषधानेच झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही. तरी सत्तरीच्या आजोबांना अशी गोळी लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर आपल्याकडचा काहीतरी पाठपुरावा असायला हवा.

सरकारी पैशातून गैरसोयीचा प्रश्न विचारला की काय होतं, त्याची दोन उदाहरणं. खोकला-शिंक आली की लघवी गळते अशा बायकांवर शस्त्रक्रिया करण्याआधी युरोडायनॅमिक, म्हणजे मूत्राशयातला दाब मोजायची तपासणी करायची पद्धत होती. दोन नळ्या, यंत्र, लाजिरवाणा अर्धा-पाऊण तास आणि खर्च. अमेरिकेत ६३० बायकांवर चाचणी झाली, २०१२ साली निकाल आला. साध्या, गुंतागुंत नसलेल्या तक्रारीत तपासणी करून शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ७६.९ टक्के बऱ्या झाल्या, तपासणी न करता केलेल्यांपैकी ७७.२ टक्के. दुसरं उदाहरण ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामाचं. आर्नल्ड केगेल यांनी तो १९४८ साली मांडला, तेव्हापासून सोबत दाब दाखवणारं यंत्र असावं की नसावं हा वाद होता. ब्रिटनमध्ये ६०० बायकांवर दोन वर्षांचा अभ्यास झाला आणि २०२० साली कळलं की नीट शिकवलेल्या व्यायामाला यंत्राची जोड दिल्याने जास्त फायदा होत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात यंत्र नाही म्हणून व्यायाम शिकवता येत नाही, असं म्हणायला आता जागा उरलेली नाही. फक्त आपल्याकडे आशाताई किंवा एएनएम तो व्यायाम किती नीट शिकवू शकतात, हे कुणीतरी पाहायला हवं.

बायकांचा विषय निघालाच आहे तर इथे थोडं थांबते. पन्नाशीच्या बाई ओपीडीत दुसऱ्याच कशासाठी तरी येतात. उठता उठता, पदर सावरत, नवरा बाहेर गेलाय हे बघून सांगतात, लघवी गळते. किती वर्षं होतंय विचारलं तर म्हणतात, "धाकट्याच्या वेळेपासून." धाकटा आता कॉलेजात असतो! त्या लग्नाला जात नाहीत, एसटीने लांब जात नाहीत, देवळात मागे बसतात, दिवसभर पाणी पीत नाहीत. पाणी न प्यायल्याने लघवी आणखी जळजळते, पण ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

हे मोजायची वाट आपल्याच राज्यात एकदा पाडली गेली आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास आहे. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्यात बसून हा आकडा कधीच कळला नसता. गावात जाऊन, बायकांचा विश्वास मिळवून तो कळला. लघवीच्या तक्रारींसाठी जिल्ह्याजिल्ह्यात तसंच काम हवं.

आणि ते बीडपासून सुरू करा, अशी माझी विनंती आहे. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण गाजलं. सरकारी पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. पुष्कळ जणी तरुण होत्या. स्वीडनमध्ये गर्भाशय काढलेल्या १ लाख ६५ हजार बायकांचा अभ्यास २००७ साली लॅन्सेटमध्ये आला होता. त्यात पुढे लघवी गळण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका दुपटीहून जास्त दिसला. तिथल्या बायका डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत नाहीत. फडात संडास नाही म्हणून दिवसभर दाबून धरत नाहीत. आपल्या बायकांचं काय झालं असेल? आकडे छापून आले, समिती झाली, शिफारशी झाल्या. त्या बायकांच्या मूत्राशयाचा, ओटीपोटाच्या स्नायूंचा दहा-पंधरा वर्षांचा पाठपुरावा करणं हे आता संशोधकांचं कर्तव्य आहे, असं मला वाटतं. आणि तक्रार सापडली की उपचारही त्याच कामात धरलेला असावा. नुसती माहिती घेऊन निघून जाणाऱ्यांना त्या बायका आता ओळखतात.

परवानग्यांची अडचण पुढे केली जाते. २०१९ च्या नव्या औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांत शैक्षणिक चाचण्यांना वेगळी वाट दिलेली आहे. आधीच मान्यता असलेलं औषध नव्या कारणासाठी किंवा नव्या मात्रेत शैक्षणिक हेतूने तपासायचं असेल आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीने मंजुरी दिली असेल, तर केंद्राच्या परवानगीसाठी थांबावं लागत नाही. चाचण्यांच्या नोंदणीसाठी सीटीआरआय ही देशाची यादी २००७ पासून आहे. नळी धुणं, व्यायाम, नोंदवही यांत तर नवं औषधही नाही. अडचण आहे ती एका विषयावर सगळ्यांना एकत्र बसवण्याची, आणि ते काम विद्यापीठाखेरीज कोण करणार? एक सामाईक आराखडा, संसर्गाची एकच व्याख्या, मराठीत एकच नोंदवही, लिहिता न येणाऱ्यांसाठी चित्रांची. युरॉलॉजी, स्त्रीरोग, फिजिओथेरपी, नर्सिंग आणि कम्युनिटी मेडिसिनच्या मुलांनी त्यातला आपापला भाग घ्यावा, आणि विद्यापीठाने तो प्रबंध म्हणून मान्य करावा.

संमतीपत्राबद्दल एकच सांगते. सरकारी दवाखान्यातला पेशंट डॉक्टरांना नाही म्हणत नाही. पुढची तारीख मिळणार नाही अशी भीती त्याला असते. म्हणून संमती उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी न घेता दुसऱ्या कुणी घ्यावी, आणि चाचणी संपल्यावर नळ्या किंवा गोळ्या कुठून मिळतील हे त्यात आधीच लिहिलेलं असावं.

शेवटची विनंती. विषय ठरवायच्या पहिल्या बैठकीला पेशंटांनाही बोलवा. रोज पाच वेळा नळी घालणारा एखादा तरुण, आपल्या मुलाला फीडिंग ट्यूब घालणारी एखादी आई, ऊसतोडीतली एखादी बाई. त्यांना काय विचारायचं आहे ते आधी ऐका, मग आराखडा करा. त्यांना आणायची जबाबदारी आम्ही काही परिचारिका मिळून घेऊ. बैठकीच्या जागी रॅम्प असावा, आणि टॉयलेटचं दार व्हीलचेअर आत जाईल एवढं रुंद असावं. तारीख कळवा.

आपली नम्र,
युरॉलॉजी विभागातली एक परिचारिका